चेहरा आणि सावली

इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठी झालेली एक पिढी आपल्यात आहे. १९६४ पासून १९९० पर्यंत मुंबईहून निघणाऱ्या या चित्रकथा मराठीतही येत असत. त्यांतला वेताळ आठवा. मुखवटा घातलेला हा वीर गुन्हेगाराच्या जबड्यावर ठोसा लगावतो आणि त्याच्या अंगठीवरची कवटी तिथे कायमची उमटते. ही खूण पुसता येत नाही. पुढे कधी तो माणूस एखाद्या बंदरावरच्या गुत्त्यात दिसला, की वाचकाला दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. त्याच्या चेहऱ्यावरच निकाल लिहिलेला असतो. लहानपणी आपल्याला ही कल्पना विलक्षण आवडायची. जगातले सगळे गुन्हेगार असे ओळखू आले तर किती बरे, असे वाटायचे. अशा ओळखण्याचा दुसरा अर्थ मोठेपणी कळला. चेहरा, नाव, दाढी किंवा टोपी पाहून कुणी आपल्याबद्दलचा निकाल आधीच लावून मोकळा होतो, तेव्हा त्या कवटीची आठवण येते.

चेहरा म्हणजेच चारित्र्य, हा चित्रकथेचा मूळ संकेत आहे. त्यात चित्रकाराचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. चित्रकथा छोट्या चौकटीत, मोजक्या रेषांत आणि स्वस्त छपाईत सांगायची असते. वाचकाने पान उलटण्यापूर्वी कोण कोण आहे ते त्याला कळायला हवे. म्हणून नायकाचा जबडा चौकोनी, खलनायकाचे डोळे बारीक, सावकाराचे नाक लांब. रेषा जितकी कमी, तितके माणसाचे रूपांतर खुणेत लवकर होते. ही या कलेची ताकद आहे आणि धोकाही.

याच्या नेमका उलट संकेत ज्या चित्रपटांनी रुजवला, त्यांना 'फिल्म न्वार' म्हणजे 'काळा चित्रपट' असे नाव मिळाले. युद्धकाळात फ्रान्समध्ये न पोचलेले अमेरिकन चित्रपट १९४६ साली पॅरिसमध्ये एकदम झळकले, तेव्हा निनो फ्रांक या समीक्षकाने त्यांच्यासाठी हा शब्द वापरला. त्यांतला बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) नमुन्यादाखल पाहू. वॉल्टर नेफ हा विमा कंपनीचा हसतमुख, उमदा एजंट. एका देखण्या स्त्रीच्या नादाने तो तिच्या नवऱ्याचा खून करतो. चित्रपट सुरू होतो तो त्याच्या कबुलीजबाबाने. जखमी अवस्थेत, रात्रीच्या रिकाम्या कचेरीत, तो ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून बोलतो आहे. खोटे दावे नुसत्या वासावरून ओळखणारा त्याचा वरिष्ठ कीज याला हा गुन्हेगार सापडत नाही, कारण तो रोज त्याच्या टेबलापलीकडे बसलेला असतो. खिडकीच्या पट्ट्यांची सावली नेफच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारखी पडते. न्वारमध्ये चेहरा काहीच सिद्ध करत नाही. सुंदर चेहरा फसवतो, परिचित चेहरा लपवतो, आणि सावली सर्वांत गडद पडते ती ज्याच्यावर आपण विश्वास टाकलेला असतो त्याच्या अंगावर.

परस्परविरोधी असे हे दोन संकेत एकाच चित्रपटात येतात तेव्हा काय घडते? गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत हॉलिवुडने असे अनेक चित्रपट काढले. त्यांचे कौतुक बहुधा दृश्यांसाठी होते: काळोख, पाऊस, ओले रस्ते, दिव्याखालचा धूर. पण काळोख कुणालाही उसना घेता येतो. सावली कुणावर पडते, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

या दोन्ही प्रकारांची माती बरीचशी एकच आहे, हे आधी सांगायला हवे. न्वारला आकार देणारे फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक हे दिग्दर्शक हिटलरच्या काळात जर्मनी सोडून आलेले. दुसरीकडे बॅटमॅनचे जनक बॉब केन आणि बिल फिंगर, सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर, 'द स्पिरिट'चा कर्ता विल आइस्नर हे सगळे ज्यू स्थलांतरितांच्या घरांत वाढलेले. युरोपात ज्यांच्या जमातीचा चेहराच गुन्हा ठरला होता, अशा लोकांच्या हातून ही दोन्ही रूपे घडत होती. बॅटमॅन १९३९ साली ज्या मासिकात अवतरला, त्याचे नावच 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' होते.

या नात्याचा एक विलक्षण दुवा म्हणजे कॉनराड व्हाइट हा जर्मन नट. 'द मॅन हू लाफ्स' (१९२८) या मूकपटात त्याने लहानपणी ज्याचा चेहरा कापून कायमचा हसरा करून टाकला आहे, अशा माणसाची भूमिका केली. ती कथा व्हिक्टर ह्यूगोची. हा माणूस दुष्ट नाही. तो प्रेमळ आहे, दुखावलेला आहे, आणि लोक त्याचे हसू पाहून हसतात हेच त्याचे दुःख आहे. १९४० साली बॅटमॅनच्या चित्रकथेत जोकर आला तो याच चेहऱ्यावरून. चित्रकथेने चेहरा घेतला आणि दुःख मागे ठेवले. त्याच वर्षी 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये हाच व्हाइट जाफर नावाचा कपटी वजीर झाला. नाझींमुळे ज्याला देश सोडावा लागला, त्याच्या चेहऱ्याचा बाजाराने असा वापर करून घेतला.

चित्रकथा आणि न्वार यांचा मेळ अगदी उघडपणे मांडणारा चित्रपट म्हणजे वॉरन बीटीचा 'डिक ट्रेसी' (१९९०). चेस्टर गूल्डची मूळ चित्रमालिका १९३१ पासूनची. तिच्यात गुन्हेगार म्हणजे चालतीबोलती व्यंगचित्रे. एकाचे डोके वरून सपाट, दुसऱ्याचे तोंड सुकलेल्या फळासारखे सुरकुतलेले, आणि त्यांची नावेही त्यांच्या व्यंगावरून पडलेली. बीटीने नटांच्या चेहऱ्यांवर रंगभूषेचे थर चढवून हीच तोंडे पडद्यावर आणली. या रंगभूषेला ऑस्कर मिळाले. छायालेखक व्हिटोरिओ स्टोरारोने शहर मोजक्या, भडक रंगांत रंगवले. इथपर्यंत सगळा कारभार चित्रकथेचा. पण या वेड्यावाकड्या तोंडांच्या गर्दीत एक आकृती अशी वावरते की जिला चेहराच नाही. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नुसते कोरे कातडे. सर्व कारस्थाने तीच रचते. शेवटी मुखवटा उतरतो आणि आतून निघते ती क्लबात गाणारी सुंदर गायिका ब्रेथलेस महोनी. म्हणजे सगळ्या ओळखू येणाऱ्या गुन्हेगारांना मागे टाकणारी न्वारची मोहिनी या कोऱ्या चेहऱ्यामागे लपलेली होती. चित्रपट एकूण हलकाफुलका आहे, त्याला फार खोल जायचे नाही. तरीही त्याने आपल्याच संकेताला एका जागी नकळत छेद दिला.

रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि फ्रँक मिलर यांचा 'सिन सिटी' (२००५) या वाटेवरचा सर्वांत गाजलेला टप्पा. मिलरच्या १९९१ पासून आलेल्या चित्रकथा त्याने जवळपास चौकटीगणिक पडद्यावर उतरवल्या. नट हिरव्या पडद्यासमोर उभे राहिले आणि शहर नंतर संगणकावर घडले. काळ्या-पांढऱ्या चित्रात मध्येच एखादा लाल झगा, सोनेरी केस, पिवळे कातडे. मिलरला चित्रकार म्हणून मोठेच म्हणावे लागेल. त्याच्या काळ्याला मधली छटा नसते. पाऊस म्हणजे काळ्यावर ओढलेले पांढरे वार असतात. हा देखणेपणा नाकारण्याचे कारण नाही.

पण कान देऊन ऐकले की फरक कळतो. न्वारमधले निवेदन हे बहुधा कबुलीजबाब असते. नेफ सांगतो ते स्वतःविरुद्ध सांगतो. 'सिन सिटी'त प्रत्येक नायक असेच पडद्यामागून बोलतो, पण ते बोलणे जाहीरनाम्यासारखे आहे. आपण का मारतो आणि समोरचा मरायलाच का लायक आहे, हे तो आपल्याला पटवत राहतो. मार्व्ह या राक्षसी ताकदीच्या माणसाला एकदा शंका येते खरी. आपले डोके ठिकाणावर नसते, तेव्हा हे सारे आपल्याच कल्पनेचे खेळ तर नाहीत? तो क्षण अस्सल न्वारचा आहे. तिथे चित्रपट थांबला असता तर फार मोठा झाला असता. पण कथा लगेच मार्व्हला बरोबर ठरवते आणि पुढचा छळ निश्चिंत मनाने पाहण्याची आपल्याला मुभा मिळते. पिवळ्या कातड्याच्या नराधमाची तर गोष्टच सोडा. त्याचे पाप त्याच्या रंगातच भरलेले आहे, वेताळाच्या कवटीसारखे. गंमत अशी की मार्व्हकडून आईच्या जिवाची धमकी देऊन कबुलीजबाबावर सही घेतली जाते, हार्टिगन हा पोलिस अधिकारी खोट्या आरोपाखाली आठ वर्षे तुरुंगात काढतो. व्यवस्था निरपराधाला गुन्हेगार ठरवते, हे चित्रपटाला ठाऊक आहे. पण आपल्या नायकांच्या हातूनही असे होऊ शकते, हे त्याला सुचत नाही. येथे न्वारचा काळोख आहे, न्वारची शंका नाही.

ही केवळ रूपाची तक्रार आहे असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर मिलरनेच २०११ साली दिले. त्या वर्षी त्याचे 'होली टेरर' हे पुस्तक आले. मुळात ही बॅटमॅन आणि अल्-कायदा यांच्या लढाईची कथा व्हायची होती. पुढे बॅटमॅन वगळला गेला आणि त्याच्यासारखाच दुसरा मुखवटाधारी आला. चित्रभाषा 'सिन सिटी'चीच: तोच काळा, तोच पांढरा, तसाच पाऊस. फक्त यावेळी पिवळ्या कातड्याच्या जागी एक अख्खी श्रद्धा बसवली होती. मुसलमान दिसणे आणि दोषी असणे यांत पुस्तकाने अंतरच ठेवले नाही. अमेरिकेतल्या अनेक समीक्षकांनी त्यावर कडक टीका केली. आज आपण असे पुस्तक करू शकणार नाही, असे स्वतः मिलरने २०१८ मध्ये सांगितले. ते प्रामाणिक असावे. पण मला महत्त्वाची वाटते ती त्या दोन कृतींमधली सलगता. सहा वर्षांपूर्वी ज्या शैलीला आपण टाळ्या दिल्या, तिच्यातच ही जागा रिकामी होती. मधली छटा नाकारणाऱ्या चित्रात कुणाला तरी पूर्ण काळे व्हावेच लागते. ते कोण, एवढेच ठरायचे बाकी असते.

आता क्रिस्टोफर नोलनकडे वळू. त्याच्या 'बॅटमॅन बिगिन्स'मधील (२००५) खलनायकाचे नाव 'रास अल् गूल'. चित्रकथेत हा १९७१ पासून आहे. अरबी जाणणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही: गूलचे, म्हणजे पिशाचाचे, मस्तक. अरब खगोलवेत्त्यांनी एका ताऱ्याला दिलेले हे नाव. युरोपात त्याचेच 'अल्गॉल' झाले. सुमारे २ दिवस २१ तासांनी या ताऱ्याचे तेज मंदावते आणि पुन्हा पूर्ववत होते. एका संस्कृतीच्या आकाशनिरीक्षणातला शब्द दुसरीकडे दहशतीचे नाव होतो, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. चित्रपटात ही भूमिका लिआम नीसन या आयरिश नटाने केली आहे. चेहरा बदलला, नाव मात्र अरबीच राहिले.

पण नोलनला पूर्वग्रहाच्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही, कारण तीनच वर्षांनी त्याने 'द डार्क नाइट' (२००८) केला. यातला जोकर, म्हणजे हीथ लेजरची ती अविस्मरणीय भूमिका, आपल्या तोंडावरच्या व्रणांची हकिकत दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. टिम बर्टनच्या 'बॅटमॅन'मध्ये (१९८९) रसायनाच्या टाकीत पडल्याने जोकर झाला, असा खुलासा होता. येथे चेहऱ्याचा खुलासाच नाही. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन त्याला बेदम मारतो. तिथे अंधार नाही, लख्ख उजेड आहे, आणि उजेडातच नायक मार देतो आहे. या मारातून माहिती मिळते, पण पत्ते उलटसुलट दिलेले असतात. बॅटमॅन पोचतो ते दुसऱ्याच ठिकाणी. मारहाण करून सत्य मिळते, या समजुतीला दिलेला हा तडाखा साधा नव्हे.

आणि मग ती शेवटची इमारत. पोलिसांचे बंदूकधारी पथक समोर विदूषकांचे मुखवटे घातलेल्या, हातात बंदुका असलेल्या लोकांवर नेम धरून बसले आहे. बाजूला डॉक्टरांच्या पोशाखातले ओलीस दिसताहेत. खरे उलटे असते. मुखवटे ओलिसांच्या तोंडावर चढवलेले आहेत, बंदुका त्यांच्या हातांना चिकटवलेल्या आहेत, आणि डॉक्टरांच्या पोशाखात गुंड आहेत. निरपराधांना वाचवण्यासाठी बॅटमॅनला पोलिसांशीच झुंजावे लागते. गुन्हेगाराचा चेहरा निरपराधावर चढवला की बंदुका कुणाकडे वळतात, हे एवढ्या थोडक्यात सांगणारे दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही. चित्रकथेचा मुखवटा आणि न्वारची शंका येथे खऱ्या अर्थाने एकमेकांत मिसळली आहेत.

अर्थात हाही चित्रपट निर्मळ नाही. हे सत्य बॅटमॅनला दिसते ते शहरातल्या प्रत्येकाच्या फोनमधून पाळत ठेवणाऱ्या यंत्रामुळे. एका माणसाच्या हाती इतकी सत्ता नको, असे त्याचा सहकारी फॉक्स बजावतो. यंत्र नष्टही होते, पण काम करून झाल्यावर. अखेरीस अर्धा चेहरा जळालेल्या हार्वे डेंटचे गुन्हे झाकले जातात आणि शहराला त्याचा उरलेला सुंदर अर्धा चेहराच दाखवला जातो. येथे फ्रिट्झ लांगच्या 'द बिग हीट'ची (१९५३) आठवण यावी. त्यातल्या डेबीचाही अर्धा चेहरा उकळत्या कॉफीने भाजतो. पण लांग तिला दोन्ही बाजूंनी पाहतो आणि आपल्यालाही पाहायला लावतो. 'द डार्क नाइट रायझेस'मध्ये (२०१२) कळते की डेंटबद्दलच्या त्या खोटेपणावर एक कायदा उभा राहिला आणि त्याखाली माणसे पॅरोलशिवाय तुरुंगात डांबली गेली. १९८५ ते १९९५ चा टाडा आणि २००२ ते २००४ चा पोटा ज्यांना समजावून सांगावा लागत नाही, त्या वाचकांनी हा धागा सुटू देऊ नये. नोलनने मात्र तो सोडला. कायदा खोट्यावर उभा होता हे तो एका खलनायकाच्या तोंडून वदवतो आणि प्रश्न तिथेच ठेवून लढाईकडे वळतो.

तो धागा मॅट रीव्हजच्या 'द बॅटमॅन'ने (२०२२) थोडा पुढे नेला. सुरुवातीलाच बॅटमॅन एका एकट्या माणसाला टोळक्याच्या तावडीतून सोडवतो. तोंडे रंगवलेले ते टोळके पळते. वाचलेला माणूस मात्र त्याचे आभार मानत नाही. मला मारू नका, अशी तो त्याच्याचकडे याचना करतो. या नायकाने आपले नावच 'सूड' असे सांगितले आहे. शेवटी रिडलरच्या एका मुखवटाधारी अनुयायाला पकडून विचारतात, तू कोण? तोही तेच उत्तर देतो. बॅटमॅन सुन्न होऊन पाहत राहतो. गुन्हेगाराच्या तोंडी त्याचेच शब्द आहेत. त्यानंतर तो पाण्यात उतरतो, हातात मशाल धरतो आणि अडकलेल्या माणसांना वाट दाखवत बाहेर काढतो. तीन तासांच्या काळोखानंतर पडलेला हा उजेड त्याला अंगावर घ्यावा लागतो. सावली नायकावर पडली, आणि तिच्यामुळेच तो माणसांत आला.

हे सगळे दूरच्या देशातले चित्रपट आहेत. मग आपण आपल्या वार्षिकात त्यांच्याबद्दल का बोलावे? विल आइस्नरचे उदाहरण यासाठी मला जवळचे वाटते. १९४८ मध्ये त्याने 'द स्पिरिट'मध्ये गेरहार्ड श्नॉबल नावाच्या क्षुल्लक माणसाची गोष्ट सांगितली. या माणसाला उडता येते. एके दिवशी तो उंच इमारतीवरून उडतो, आणि खाली चाललेल्या गोळीबारातली एक भरकटलेली गोळी लागून मरतो. तो उडाला होता, हे कुणाला कळतही नाही. दुर्लक्षित माणसाकडे इतक्या मायेने पाहणाऱ्या याच आइस्नरने नायकाच्या कृष्णवर्णीय सोबत्याचे, एबनी व्हाइटचे, चित्र मात्र जाड ओठांचे आणि बटबटीत डोळ्यांचे काढले. स्वतः ज्यूंच्या घरात वाढलेला, चेहऱ्यावरून होणारा न्याय जाणणारा कलावंतही दुसऱ्याचा चेहरा काढताना चुकला.

आपणही चेहरे काढतो. आपल्या कथांतला मौलवी बहुधा कठोर असतो, फौजदार हटकून पक्षपाती, शिकलेली मुलगी न चुकता सोशिक. ज्यांनी आपल्याला खुणेत कोंबले, त्यांना उलट खुणेत कोंबण्याचा मोह आपल्यालाही होतो. तो समजण्यासारखा आहे. पण काळ्याच्या जागी पांढरे भरल्याने चित्र बदलत नाही. 'तो तसा दिसतो म्हणून तो तसा आहे' हे वाक्य आपल्याबद्दल उच्चारले जाते तेव्हा आपण दुखावतो. आपल्या लेखणीतून ते दुसऱ्याबद्दल किती वेळा उतरले, हे एकदा आपली जुनी पाने काढून पाहायला हरकत नाही.